आखाड्यावरची शिडाची बोट आणि तिच्यातले उंदीर-झुरळं: एक पूर्ण केस

आमचं काम म्हणजे गोडाऊन, जिनिंग, दाळमिल, हॉटेलं, क्वचित एखादं मंगल कार्यालय. परभणी जिल्ह्यात बसून शिडाच्या बोटीचं पेस्ट कंट्रोल करायची वेळ येईल असं डोक्यात पण नव्हतं, समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि 2016 ला शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं अशा भागात शेतात उभी असलेली बोट म्हणजे लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. पण केस अशी होती की ती नीट लिहून ठेवावी वाटली, कारण आपल्या धंद्यात जे रोजचे उपाय आहेत त्यातले निम्मे बोटीवर चालत नाहीत, आणि का चालत नाहीत ते समजलं की बाकीच्या कामात पण हात जरा सुधरतो.

जागा जिंतूर तालुक्यातला एक आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती. मालक नेव्हीतून रिटायर, सगळे काकाच म्हणतात, मी पण तेच म्हणतो. त्यांनी मुंबईकडून एक जुनी 24 फुटी फायबरची शिडाची बोट घेतली, तिकडं यार्डात ठेवून काम करून घ्यायचं तर भाडं आणि मजुरी दोन्ही परवडेना, बोटीचा कील, म्हणजे तळाखाली पाण्यात खोल जाणारा पंखा, वर ओढून घेता येतो आणि ट्रेलर सोबतच मिळाला होता, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ओढून सरळ शेतात आणली. तसंही पावसाळ्यात छोट्या बोटी पाण्याबाहेर काढूनच ठेवतात, मग चार महिने घरी राहील, निवांत डागडुजी करू, दिवाळीनंतर परत समुद्रात, असा साधा हिशोब. पत्र्याचं शेड मोठं, तीन बाजूंनी बंद. पण त्याच शेडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन येऊन पडलं, भाव नाही म्हणून थप्पी तशीच लावून ठेवली, आणि बाहेर रान मोकळं झालं. उभं पीक असतं तोवर उंदराला रानात सगळं मिळतं, काढणी झाली की तो वस्तीकडं सरकतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. यावेळी फक्त त्याला घराच्या आधी बोट लागली.

सालगड्यानं पहिल्यांदा सांगितलं, "काका, रातच्याला बोटीत लई धिंगाणा घालायलेत." काकांना वाटलं वरच्या ताडपत्रीवर पळत असतील. मग एक दिवस शिडाची पिशवी उघडली तर आतून शिडाचं कापड कुरतडून त्याचा कापूस केलेला आणि मधोमध वाटीएवढं घर. त्या दिवशी मला फोन आला.

पाहणी संध्याकाळी केली, मुद्दाम. दिवसा उंदीर दिसत नाही आणि दिवसा दिसायला लागला तर समजायचं की संख्या फार वाढलीय. बोटीत शिरण्याआधी बाहेरून एक चक्कर मारली, कारण बोट जमिनीला कुठं कुठं टेकलीय ते आधी बघायचं. ट्रेलरची चाकं, पुढचा जॅक, खाली लावलेले बाभळीचे ठोकळे, चढायला टेकवलेली शिडी, वर बल्बसाठी नेलेली एक्सटेन्शन वायर, आणि बोटीच्या कड्याला बांधून शेडच्या खांबाला ताणलेल्या दोन दोऱ्या, म्हणजे वारावादळात ताडपत्री उडू नये म्हणून. एवढे सगळे रस्ते. त्यातल्या एका दोरीवर हात फिरवला तर तेलकट काळा थर, उंदराच्या अंगाचं तेल आणि धूळ, रोज ये-जा असल्याशिवाय असा थर बसत नाही.

लेंड्या मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, सेंटिमीटरभर लांब. म्हणजे काळा उंदीर, घरात माळ्यावर असतो तोच. रानातल्या बांधावर बिळं करणारा जो जाड उंदीर असतो तो खोदण्यात वस्ताद आहे पण दोरीवरून चालणं हे त्याचं काम नाही, हे काम काळ्याचं. जगभर याला जहाजाचा उंदीर म्हणतात आणि हा प्राणी मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातला, इथून जहाजांनीच सगळ्या दुनियेत पसरला. म्हणजे बोटीवर त्याचा हक्क काकांपेक्षा जुना, असं मी म्हणलं तर काकांना काही ते आवडलं नाही.

आता आतली रचना सांगतो कारण सगळी केस तिथंच आहे. फायबरच्या बोटीला बाहेरचा सांगाडा एक असतो आणि आत बसायच्या-झोपायच्या जागा, कप्पे, ओटा हे सगळं एकाच साच्यातून काढलेलं दुसरं अस्तर असतं, त्याला लायनर म्हणतात. दोन भिंतींचा थर्मासचा डबा असतो ना, तसं. या दोन थरांच्या मधे हात जात नाही, टॉर्च जात नाही, पण उंदीर आरामात फिरतो. त्याच पोकळीतून वायरी गेलेल्या, पाण्याचे पाइप गेलेले. सगळ्यात खाली तळाला बिल्ज म्हणून खोलगा असतो, आत आलेलं पाणी तिथं जमतं आणि पंपानं बाहेर फेकतात. ताडपत्री एका बाजूनं फाटलेली असल्यानं पावसाचं पाणी त्या खोलग्यात साचलेलं होतं. म्हणजे उंदराला खायला खाली सोयाबीन, राहायला शिडाची पिशवी, प्यायला बिल्ज. अजून काय पाहिजे.

बिल्जच्या झाकणाशी पोटावर झोपून टॉर्च आडवा धरला तेव्हा खरी गोष्ट दिसली. बोटीच्या मागच्या बाजूला उघडी बसायची जागा असते, कॉकपिट, तिथं लाट किंवा पाऊस पडला तर पाणी जावं म्हणून दोन होज पाइप तिथून निघून बोटीच्या बुडाजवळ बाहेर उघडतात. त्यातल्या एका पाइपाला खालच्या क्लॅम्पच्या जरा वर दातांच्या खुणा, शेजारी शेजारी दोन दोन उभे चरे, आणि मधे करंगळीचं टोक जाईल एवढं आरपार भोक. रबराचा भुगा खाली पडलेला. पाइप काळा, जागा अंधारी, आडवा प्रकाश नसता तर ते भोक दिसलंच नसतं.

जमिनीवर याचं काहीच नाही. पाण्यात उतरवल्यावर हाच पाइप पाण्याच्या पातळीखाली जातो, आणि त्याचा व्हॉल्व्ह बोट नांगरून ठेवलेली असताना उघडाच ठेवतात, नाहीतर पावसाचं पाणी बाहेर कसं जाणार. काकांनी तिथंच आकडा सांगितला: एक इंची भोक पाण्याखाली फूटभर असेल तर मिनिटाला 40 लिटरच्या आसपास पाणी आत येतं, म्हणजे मिनिटाला तीन-एक बादल्या. आपलं भोक त्याहून लहान होतं, पण रात्रभरात बोट खाली बसवायला पुरेसं. आणि वाईट म्हणजे बिल्ज पंपाची वायर पण त्याच कोपऱ्यात दोन ठिकाणी सोललेली. पाणी येणार, आणि पाणी उपसणारा पंप चालणार नाही. घरातला उंदीर पोतं फाडतो, कपडे कुरतडतो, फार तर फ्रिजची वायर खातो. इथं नुकसान कापडाचं नव्हतं, इथं जिवाशी गाठ होती.

मग उपाय काय यावर काकांची आणि माझी चांगलीच जुंपली. काकांचं पहिलं म्हणणं, "दोन गोळ्या टाका आत, वरून ताडपत्री आवळा, विषय संपला." गोळी म्हणजे धान्यात टाकतात ती ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. मी सरळ नाही म्हणलं. ती गोळी हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन गॅस सोडते, त्या विषारी गॅसवर उतारा नाही, आणि ती वापरायची मुभा ट्रेन्ड माणसाच्या देखरेखीखालीच आहे, तरी आपल्याकडं ती किराणा मालासारखी हातात फिरते हा वेगळाच रडगाऱ्हाण्याचा विषय. इथं तर त्याच शेडला लागून सालगड्याची खोली, लेकरं तिथंच झोपतात. बोट काही हवाबंद नसते, गॅस कुठून कुठं जाईल सांगता येत नाही, लायनरच्या पोकळीत अडकून राहिला तर नंतर आत झोपणारा माणूस जाईल. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी फॉस्फिन तांब्याला खातो. बोटीतली सगळी वायरिंग, स्विच, जीपीएसचं सर्किट तांब्यावर चालतं. उंदीर मेले आणि समुद्रात मधेच दिवे गेले, तर कोणाला सांगणार?

दुसरं म्हणणं, मग केक ठेवा. ब्रोमॅडिओलोनचा 0.005 टक्क्याचा केक, सगळ्यांच्या ओळखीचा. खाल्ल्यावर रक्त गोठणं बंद होतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून त्याला संशय येत नाही, म्हणून औषध चांगलं. पण मरतो कुठं? केक खाल्लेला उंदीर बाहेर येऊन मरतो, पाणी शोधत जातो, हे दुकानदाराचं बोलणं आहे, तो बहुतेक वेळा आपल्या घरट्यात किंवा आडोशालाच मरतो. लायनरच्या आत मेला तर फायबर कापल्याशिवाय काढता येणार नाही, नाही काढला तर वास, मग माश्या, मग अळ्या. घरात आपण चार दिवस खिडक्या उघड्या ठेवतो, बोटीच्या केबिनमध्ये दोन माणसं दीड हाताच्या जागेत झोपतात.

म्हणून मी या केसमध्ये एकच गोष्ट धरून बसलो: उंदीर मरायला पाहिजे पण माझ्या हाताला लागेल अशाच जागी. बोटीच्या आत विष नाही, एक दाणा पण नाही. शेडच्या बाहेर बांधावर पण मी केक टाळला, कारण त्या आखाड्यावर पिंपळावर गव्हाणी घुबडाची जोडी होती आणि धामण तर सालगड्यानं दोनदा बघितलेली. विष खाल्लेला सुस्त उंदीर आधी यांच्याच तोंडी लागतो आणि ते विष त्यांच्यात उतरतं. फुकट काम करणारे कामगार आपणच मारायचे, याला काय अर्थ आहे.

उंदीर आवाजानं पळवायचं अल्ट्रासोनिक मशीन काकांनी ऑनलाइन मागवून आधीच लावलेलं होतं. त्याच्या वरच लेंड्या होत्या, यापेक्षा जास्त काही लिहीत नाही.

आधी पिसवा, मग उंदीर

हा भाग आपल्या धंद्यातले बरेच लोक गाळतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिडाच्या पिशवीतलं घरटं बाहेर काढून पांढऱ्या कापडावर झटकलं तर पिसवा उड्या मारायला लागल्या. उंदीर मेला आणि गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं गरम रक्त शोधतात, आणि जवळचं गरम रक्त म्हणजे तिथं काम करणारा माणूस. 1898 मध्ये कराचीत सिमोंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं प्लेगचा रस्ता उंदीर-पिसू-माणूस असा आहे हे दाखवून दिलं, आणि मराठवाड्याला तर हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला आणि 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे पेशंट निघाले, पुढच्या महिन्यात सुरतेची धावपळ झाली. आमच्याकडची जुनी माणसं अजून घरात मेलेला उंदीर दिसला की आधी विचारतात, एकच आहे का अजून पडलेत.

ही केस प्लेगची होती असं अजिबात म्हणत नाही, उंदीर धडधाकट होते, उगीच घाबरवायचं नाही. पण क्रम तोच ठेवायचा. घरटं, जुनी गादी, चिंध्या हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर नेऊन जाळलं, पडदे-कव्हर उकळत्या पाण्यातून काढले, केबिन व्हॅक्युमनं कोपऱ्या-कोपऱ्यातून ओढून घेतली आणि त्याची पिशवी पण जाळली. शेडच्या कडेची बिळं आणि उंदरांच्या वाटा इथं पिसवांसाठी पावडर धुरळली. केबिनच्या आत पावडर नाही, तिथं पुढं माणूस जेवणार आहे.

वाटा तोडणं

सोयाबीनची थप्पी शेडमधून हलवायची म्हणलं तर काकांचा भाऊ तयार होईना, भाव वाढला की विकूच ना, चार दिवसांसाठी कशाला हमाली. शेवटी सालगडी म्हणला, "दादा, भाव येईस्तोवर उंदरंच मोजून घेतील माल," तेव्हा कुठं थप्पी दुसऱ्या खोलीत गेली, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. हे झालं नसतं तर बाकीचं सगळं करून उपयोग शून्य होता, ज्या उंदराचं पोट सोयाबीननं भरलंय तो पिंजऱ्यातल्या भज्याकडं कशाला बघेल.

मग बिल्ज कोरडा केला, स्पंजनं पार शेवटचा थेंब टिपून. काळ्या उंदराला पाणी लागतं, दाणे कोरडे असले की जास्तच लागतं. ताडपत्री बदलली. दोन्ही दोऱ्या सोडल्या, एक्सटेन्शन वायर काढली, शिडी रोज काम झालं की आडवी टाकायची असं सालगड्याला बजावलं. ट्रेलरचा जॅक आणि चाकांच्या बाजूचे टेकू यांना गुळगुळीत पत्र्याचे उलटे शंकू करून बसवले, मोठ्या जहाजांच्या दोरखंडावर बंदरात ज्या गोल चकत्या लावतात त्याच कल्पनेवर. पत्र्यावर नखं लागत नाहीत. फक्त शंकूच्या आसपास काही ठेवायचं नाही, काळा उंदीर आडवी मीटरभर उडी सहज मारतो, शेजारी पोतं उभं असलं तर शंकूचा काय उपयोग.

भोकं बुजवताना एक फरक लक्षात ठेवा. घरकामात आपण स्टील वूल कोंबतो, बोटीत ते नको, समुद्राच्या हवेत आठवड्यात गंजतं आणि पांढऱ्या फायबरवर तांबडे ओघळ येतात. फोम मारला तर उंदीर तो चणे-फुटाणे खाल्ल्यासारखा खातो. भांडी घासायची तारेची घासणी घ्यायची, आधी एक तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवून बघायचा, गंज धरला तर दुसरी कंपनी, नाही धरला तर तीच भोकात कोंबून वरून सिलिकॉन. हवेच्या झरोक्यांना बारीक स्टेनलेस जाळी. लहान उंदराला 6 मिलिमीटरचं, मोठ्याच्या पिलाला 12 मिलिमीटरचं भोक पुरतं, त्यामुळं "एवढ्याशा भोकातून काय येतंय" हे वाक्य मनातून काढून टाकायचं. आणि सगळी भोकं एकदम बंद करायची नाहीत, आतले आतच राहतील. एक रस्ता मुद्दाम उघडा ठेवला, त्याच्यापुढं रांगोळी पसरली. सकाळी रांगोळीवर पावलं आणि शेपटीची रेघ कुठल्या दिशेला गेलीय ते बघितलं की आत किती राहिलेत याचा अंदाज येतो.

सापळे

लाकडी चाप आणि तारेचे पिंजरे, दोन्ही. चिकट गमचा बोर्ड मी वापरत नाही, जनावर तासन् तास तडफडतं आणि आपण बघत बसायचं, शिवाय बोटीत तो बोर्ड अंगाला चिकटवूनच उंदीर लायनरमध्ये घुसला म्हणजे संपलंच. चापाला पण दोरी बांधून ती पक्क्या जागी अडकवली, पाय अडकलेला उंदीर चापासकट आत गेला तर ती दोरी ओढून बाहेर काढता येतो. बोटीवर काम करणाऱ्यानं बाकी काही नाही तरी ही दोरी विसरू नये.

काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. आज चाप ठेवला आणि आजच लावला तर तो लांबून वळसा घालून जाईल. म्हणून आधी काही रात्री चाप न लावता नुसतं खाणं ठेवायचं. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ कालवून त्याची गोळी, ती दोऱ्यानं चापाच्या पत्रीला करकचून बांधायची, नाहीतर अलगद उचलून नेतात. काही ठिकाणी सुका बोंबील ठेवला आणि खरं सांगायचं तर बोंबलानं कुटाला मागं टाकलं, बोटीचा मूळ गाव आठवला असेल. गोळ्या रोज फस्त व्हायला लागल्यावर एका रात्री सगळे एकदम लावले. भिंतीशी काटकोनात, पत्री भिंतीकडं, कारण उंदीर भिंतीला खेटून चालतो. पहिल्याच रात्री मोठे निघाले, पुढच्या रात्रींमध्ये अर्धवट वाढलेले, मग एक चिचुंद्री. चिचुंद्री उंदीर नाही, ती किडे खाते, पिंजऱ्यात होती म्हणून बांधावर नेऊन सोडून दिली. मग रांगोळी कोरी राहायला लागली. तरी सापळे काढले नाहीत, गाभण मादी तीन आठवड्यांत वितं, एखादं घरटं सुटलं असेल तर ती पिल्लं बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

झुरळं मुंबईची

उंदीर मराठवाड्यातले, पण ओट्याच्या मागची झुरळं बोटीसोबतच आली होती. बारीक, फिकट तपकिरी, डोक्यामागं दोन काळ्या रेघा, म्हणजे जर्मन झुरळ. आपल्या गटारातून येतं ते मोठं लाल झुरळ वेगळं, ते बाहेरून येऊन-जाऊन असतं, हे बारीक मात्र कायमचं भाडेकरू. त्याची मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत अंगालाच लावून फिरते, एका पिशवीत 30-40 अंडी. बोटीवर ते येतं किराणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये. म्हणून जुने दर्यावर्दी पुठ्ठा बोटीवर चढू देत नाहीत, सामान धक्क्यावरच काढून घेतात, हे काकांना माहीत होतं पण ज्यांच्याकडून बोट घेतली त्यांना बहुतेक नव्हतं.

काकांनी महिनाभर डबा-स्प्रे मारला होता. त्यानं समोरची मेली, बाकीची पांगून लायनरमध्ये गेली. आणि केबिनमध्ये स्प्रे मारणं मला तसंही पटत नाही, गॅसची शेगडी आहे, पेट्रोलची टाकी आहे, बोटीत जड वाफा खाली बिल्जमध्ये उतरून साचतात आणि पंपाच्या एका ठिणगीचं काम असतं. फॉगरचं, म्हणजे औषधाचा धूर सोडणाऱ्या डब्याचं, तर नावच काढू नका. म्हणून आधी सगळा ओटा, बिजागऱ्या, कप्प्यांच्या कडा साबणाच्या पाण्यानं पुसून स्प्रेचा अंश काढला, नाहीतर झुरळ जेलकडं फिरकत नाही. मग फिप्रोनिलचं जेल, तुरीच्या दाण्यापेक्षा लहान ठिपके, भरपूर जागी: शेगडीच्या मागं, सिंकच्या खाली, स्विच पॅनलच्या पाठीमागं जिथं कोमट असतं, कप्प्याच्या वरच्या कोपऱ्यात. एका जागी ढीग घालण्यापेक्षा पन्नास जागी ठिपका. लायनरच्या पोकळीत हात पोचत नव्हता तरी चालतं, इथं विषाचं गणित उंदराच्या उलट आहे, झुरळ आत मेलं तर दुसरी झुरळं त्याची विष्ठा आणि त्यालाच खातात आणि ती पण मरतात, वास-बीस काही नाही. अंड्यातून निघणाऱ्यांसाठी महिनाभरानं दुसरा हात ठरवूनच ठेवला होता.

बाकी किरकोळ. पिठाच्या डब्यात सोंडे, डबाच फेकला. बाभळीच्या ठोकळ्यांवर वाळवीची मातीची नळी चढून प्लायच्या कप्प्यापासून वीतभर राहिली होती, ठोकळे काढून सिमेंटच्या विटा दिल्या. कुंभारमाशीनं मात्र डोकं फिरवलं: पाण्याच्या टाकीचा हवा जायचा बारीक पाइप तिनं मातीनं गच्च लिंपून टाकलेला, टाकी भरायला घेतली की पाणी उलटं यायचं, आणि काका दोन दिवस पंपालाच शिव्या देत बसले होते. तारेनं माती कोरून काढली, तोंडाला जाळी लावली. असल्या नळ्या बघायच्या यादीत टाकून ठेवा, डोलकाठीच्या खालची भोकं पण.

साफसफाई आणि दुरुस्ती

सुकलेल्या लेंड्या झाडूनं उडवायच्या नाहीत. आधी ब्लीच, एकाला नऊ भाग पाणी, फवारून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यायचं, मग पुसून घ्यायचं. हातमोजे, मास्क, गमबूट. बिल्जमध्ये साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत असतं आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, त्यातूनच होतो, हातापायाला साधा ओरखडा असला तरी पुरतं. मुंबईत 2005 च्या पुरानंतर लेप्टोनं काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. सालगडी उघड्या पायानं आत उतरायला निघाला होता, त्याला अडवला, तो म्हणला, "साहेब, आम्ही रोज चिखलातच असतो." त्याच्या टाचेच्या भेगा दाखवून समजावलं तेव्हा त्यानं काकांचे बूट घातले. ब्लीचसोबत ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस होतो, बंद केबिनमध्ये तर चेष्टाच नको.

होज दोन्ही बदलले, एकच खाल्लेला असला तरी. क्लॅम्प प्रत्येक टोकाला दोन-दोन. मग काकांनी बाहेरून बुडाच्या भोकांना लाकडी गुडद्या ठोकून कॉकपिटमध्ये पाणी भरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं, बिल्जमध्ये कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून. सकाळी कागद कोरडा. ही टेस्ट मला फार आवडली, बोट पाण्यात न टाकता पाण्याची परीक्षा. पंपाची वायर नवी ओढली, बाकीच्या वायरी जिथं दिसतात तिथं हातानं चाचपल्या, जिथं दिसत नाहीत तिथं काकांनी मीटर लावून एकेक तपासली. लायनरला दोन ठिकाणी गोल भोक पाडून झाकणं बसवली, पुढच्या वेळी टॉर्च आणि हात आत जावा म्हणून. फायबर कापताना काकांचा चेहरा बघवत नव्हता. शीड मात्र गेलं, पॅच मारून भागण्यासारखं नव्हतं, आणि या सगळ्या केसमधला सगळ्यात मोठा खर्च तोच, माझं बिल त्यापुढं चिल्लर.

पाण्यात गेल्यावरचं मी काकांना फोनवर सांगितलं ते एवढंच: धक्क्याला बांधलेल्या प्रत्येक दोरीला चकती, धक्क्यावरून बोटीत चढायची फळी रात्री काढून घ्यायची, कचऱ्याची पिशवी डेकवर ठेवायची नाही, पुठ्ठा नाही, केळ्याचा घड आणायचा तर आधी पाण्यात बुडवून झटकून. मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांना यासाठी सहा महिन्यांचं सॅनिटेशन सर्टिफिकेट लागतं, आधी त्यालाच उंदीर नसल्याचा दाखला म्हणायचे, छोट्या बोटीवाल्याला आपला दाखला आपणच द्यायचा. दोन सापळे लागलेलेच बोटीत ठेवलेत, दोरी बांधून. जेलचा दुसरा हात काकांनी स्वतःच मारला, मी ट्यूब कुरियर केली होती, त्यानंतर स्विच पॅनलच्या मागं एक-दोन बारीक पिल्लं दिसली म्हणाले, मग तीही नाहीत.

एक गोष्ट राहिलीय. डोलकाठीच्या आतून वर दिव्याला गेलेली वायर आहे, ती काठी आडवी करून ओढल्याशिवाय बघता येत नाही आणि काकांना त्या वेळी घाई होती. वरचा दिवा लागतो, म्हणजे आज तुटलेली नाही, पण इन्सुलेशन शाबूत आहे का ते पुढच्या पावसाळ्यात काठी खाली काढली की बघायचं ठरलंय. बोट ठेवायला जागा पण ठरलीय, यावेळी सोयाबीनच्या शेडमध्ये नाही.